कोचबुवांचा संशय

कोच हॉब्ज माझ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले ते 'हॅलो' नव्हतं. ते होतं, "कोणी पाठवलंय तुम्हाला?"

मी एर्लांगेनच्या त्या मैदानाच्या कुंपणाशी उभी होते. अंगात जाडजूड जाकीट, गळ्यात आईने विणलेला मफलर, एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात फोन. आत माझा मुलगा सुमेध धावत होता आणि मी त्याचा व्हिडिओ काढत होते, नागपूरला बाबांना पाठवायला. तेवढ्यात हा उंच, पोट सुटलेला, लाल मानेचा अमेरिकन माणूस तरातरा चालत आला. गळ्यात शिट्टी. हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड. ते त्याने तोंडासमोर धरलं आणि त्याच्याआडून विचारलं, कोणी पाठवलंय.

"मी सुमेधची आई," मी म्हटलं.

"कशावरून?"

अहो, कशावरून म्हणजे? हा प्रश्न मला जर्मन सरकारनेही कधी विचारला नव्हता, आणि ते तर श्वास घेतला तरी कागद मागतात. मी म्हटलं, "आत बघा. एवढ्या गोऱ्या पोरांत एक सावळा आहे. आता इकडे बघा. मीही सावळी आहे. चालवा डोकं."

त्यांनी चालवलं. एकदा सुमेधकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तरीही म्हणाले, "व्हिडिओ पुसा. माझ्या चाली आहेत त्यात. मागे एका टीमने एका बाईला बाबागाडी घेऊन पाठवलं होतं. गाडीत बाळच नव्हतं."

मी त्यांच्या डोळ्यांदेखत व्हिडिओ पुसला. घरी येऊन फोनच्या कचऱ्यातून परत काढला आणि बाबांना पाठवून दिला. मीही काही कमी नाही. बाबांचं उत्तर आलं, "जय भीम. पोरगं पळतंय झकास. पण सगळे मिळून त्याच्या अंगावर का पडतायत?"

तोच तर माझाही प्रश्न होता. जर्मनीने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. गावातलं शेंबडं पोरही पायाने बॉल मारत होतं, आणि आमच्या चिरंजीवांना नेमका तो दुसरा फुटबॉल आवडला, अमेरिकेतला. अंड्यासारखा बॉल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड. एकाने बॉल छातीशी धरून गर्दीत घुसायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवं करायचं. घुसायचं काम सुमेधचं.

मी इथल्या एका कंपनीत डोक्याच्या आतले फोटो काढणाऱ्या मशीनवर काम करते. मेंदू ही काय नाजूक चीज आहे ते मला रोज पडद्यावर दिसतं. त्यामुळे क्लबचं संमतिपत्र घरी आलं तेव्हा माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, चहा पिता पिता सही ठोकली आणि मी तो कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली लटकवून ठेवला. सुमेध रोज तो बघायचा. बोलायचा काही नाही. तसाही आमच्या घरात बालवाडीपासून एक करार होता. मी मराठीत विचारायचं, त्याने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. "जेवलास का?" "या." म्हणजे हो. "बरं नाही का वाटत?" "आलेस गूट, मामा." सगळं ठीक आहे, आई. त्याला मराठी सगळं समजतं, बोलत मात्र एक अक्षर नाही. मी चिडायचे, रडायचे, लाच द्यायचे, काही उपयोग नाही. शेवटी एका संध्याकाळी त्याचं ते मुकं तोंड बघवेना आणि मी सही केली. पण मनात ठरवलं की या कोचवर नजर ठेवायची.

आणि नजर ठेवण्यासारखं होतंच. क्लबने हा माणूस अमेरिकेहून आणला होता. साठीला आलेला. तिकडे एका छोट्या कॉलेजच्या टीमचा मुख्य कोच, तोही वीसेक वर्षं. आता मला सांगा, वीस वर्षांची नोकरी, घर, गाव सोडून कोणी या वयात एर्लांगेनला येतं? तेही हौशी पोरांना शिकवायला? क्लबच्या गोदामावरच्या एका खोलीत राहायला? ना बायको बरोबर, ना कोणाचा फोन. मी प्रशांतला म्हटलं, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुला सगळीकडेच पाणी मुरताना दिसतं," प्रशांत म्हणाला. "छत बघ एकदा. कोरडं आहे."

पण संशय घेण्यात मी कोचबुवांच्या पासंगालाही पुरत नव्हते. ते कार्ड त्यांच्या तोंडासमोरून हटायचंच नाही. म्हणे समोरच्या टीमचा कोणीतरी ओठ वाचतो. मैदानाबाहेरच्या टपरीवर ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजलेलं सॉसेज, मागतानाही ते कार्डाआडून मागायचे, आणि टपरीवाल्या बाईला दर वेळी ओरडून विचारावं लागायचं, मोहरी हवी का? सामन्यात त्यांचे तीन मदतनीस कडेला उभे राहून पोरांना हातवारे करायचे. नाक धर, कोपर थोपट, टोपी उलटी कर. तिघांतला एकच खरा. बाकी दोघे खोटे. खरा कोण ते दर रविवारी बदलायचं, आणि एका रविवारी मदतनीसांचाच घोळ झाला. तिघेही स्वतःला खोटे समजून मनाला येईल ते हातवारे करत राहिले. आमच्या पोरांनी त्या दिवशी जे काही केलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जिंकलो मात्र.

सरावाचा कागद ते नंतर फाडायचे. बारीक बारीक तुकडे करायचे आणि तीन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकायचे, म्हणजे कोणाला जुळवता येऊ नये. आता जर्मनीत कागद टाकायचा कागदाच्या डब्यात. यांनी थोडा ओल्या कचऱ्यात टाकलेला, थोडा प्लॅस्टिकमध्ये. मैदान सांभाळणारा म्हातारा एक दिवस चिमट्याने ते तुकडे वेचून, सगळे नीट जुळवून, चिकटपट्टीने डकवून यांच्या दारावर लावून गेला. खाली लिहिलं, 'कागद निळ्या डब्यात.' कोचबुवांना वाटलं धमकी आहे. ते दोन दिवस पोरांना मैदान सोडून जंगलात सराव द्यायला घेऊन गेले.

हे सगळं सांगताना मला आत्ता हसू येतंय. तेव्हा येत नव्हतं. पोरं त्यांच्यावर फिदा होती, सुमेध तर विचारूच नका. घरी तोंडाला कुलूप लावणारा माझा मुलगा कोचबद्दल मात्र ताटावर बसल्या बसल्या जर्मनमध्ये भडाभडा बोलायचा. आईला हे कसं आवडेल?

मग मी ठरवलं, बोलवायचं जेवायला. आपल्याकडे माणसाची माहिती काढायची ही जुनी पद्धत. तिखट मटणाचा रस्सा केला, आमच्या विदर्भाकडचा, भाकरी केली, वरण-भात केला. कोचबुवा आले ते आधी घरात फिरून दारं कुठे आहेत ते बघून आले. मग भिंतीला पाठ लावून बसले. ताट वाढलं तर हात लावेनात. माझ्या लक्षात आलं की ते प्रशांतने पहिला घास घ्यायची वाट बघतायत. मी म्हटलं, "कोच, विष घालायचं असतं तर मटणाला एवढा वेळ घालवला नसता."

त्यावर ते पहिल्यांदा हसले. मग जेवले, आणि काय जेवले! घामाने डबडबले, नाक पुसत राहिले, पण पुन्हा रस्सा मागितला.

मी सुरुवात केली. लग्न झालंय का? "झालं होतं." मुलं? "तुम्हाला एकच का?" इकडे कसे आलात? "तुम्ही कशा आलात?" प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न. शेवटी प्रशांतने विषय काढला तेव्हा कॉलेजबद्दल बोलले. मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं एवढंसं कॉलेज. मुख्य कोच म्हणजे नाव मोठं, पण मैदानावर चुन्याच्या रेघा तेच मारायचे, टीमची बस तेच चालवायचे, पोरांच्या चिखलाच्या जर्सी तेच धुवायचे. टीमसाठी पैसे कमी पडले की गावात सकाळी पॅनकेक विकायचे. आणि हिवाळाभर गाडी घेऊन शेतकऱ्यांच्या घरी जायचे, चांगली पोरं शोधत.

"पोरगा कधी ठरवत नसतो," ते म्हणाले. "बापही नाही. आई ठरवते. मी शेकडो आयांच्या स्वयंपाकघरात बसलोय. समोर जे येईल ते खायचं आणि म्हणायचं, तुमच्या मुलाची काळजी मी घेईन."

जेवण झाल्यावर ते आपणहून उठले, फडकं घेतलं आणि माझ्या शेजारी उभं राहून ताटं पुसू लागले. प्रशांतला भरून आलं. मला मात्र थंडगार वाटलं. इतका सराईत हात! या माणसाने किती जणींच्या शेजारी अशी ताटं पुसली असतील आणि किती जणींना तोच शब्द दिला असेल? दारातून जाताना त्यांनी मला म्हटलं, "सुमेधची काळजी मी घेईन." मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचं नाव इंटरनेटवर टाकलं. मला ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही, उघड उघड सांगते, शोधायलाच बसले होते. आणि सापडलं. त्यांच्या तिकडच्या एका गावच्या पेपरातली जुनी बातमी. सामन्यात एका खेळाडूला डोक्याला मार लागला. थोड्या वेळाने त्याला पुन्हा खेळायला पाठवलं. पुन्हा मार लागला आणि तो मैदानावरच कोसळला. कोचचा राजीनामा. एकोणीस वर्षांचा मुलगा. वाचला, पण बोलणं गेलं, चालणं गेलं. हातातला डबा तसाच राहिला माझ्या. समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी मेंदूचा फोटो उघडा होता, तो मी बंद केला.

सायकल काढली आणि तशीच मैदानावर गेले. सराव सुरू व्हायचा होता. कोचबुवा एकटेच शंकूसारखे नारिंगी ठोकळे मांडत होते. मी काही नमस्कार-चमत्कार केला नाही. मुलाचं नाव घेतलं. फक्त नाव.

कार्ड त्यांच्या हातात होतं. ते तोंडापर्यंत गेलं नाही.

"मी त्याला विचारलं होतं," ते म्हणाले. "ठीक आहेस का म्हणून विचारलं. तो म्हणाला, ठीक आहे. डोळे बघून मला कळायला हवं होतं. पण आम्ही थोड्याच गुणांनी मागे होतो, आणि मला तेच ऐकायचं होतं."

"आणि आता?"

"आता त्याची आई त्याला भरवते."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "आणि तुम्ही माझ्या घरात बसून मला शब्द दिलात?"

"दिला," ते म्हणाले. "तुम्ही ठेवू नका त्यावर विश्वास. मी तुमच्या जागी असतो तर ठेवला नसता."

घरी आले आणि जाहीर केलं, सुमेधचं खेळणं बंद. काय तमाशा झाला म्हणून सांगू! सुमेध जर्मनमध्ये ओरडला की तुझा जगात कोणावर विश्वासच नाही, अजून काही महिन्यांनी अठरा पूर्ण होतील, मग तुझी सहीच लागणार नाही. दार आपटलं. प्रशांत म्हणाला, "अगं, त्या माणसाने खरं तर सांगितलं ना."

"पकडल्यावर सगळेच खरं सांगतात," मी म्हटलं.

"नसतं सांगितलं तर? शेवटचा सामना राहिलाय. तो पोरगा वर्षभर मरमर मेहनत करतोय. आत्ता थांबवलंस तर अठरा पूर्ण झाल्यावर जाईल आणि आपल्याला सांगणारही नाही. त्यापेक्षा डोळ्यांसमोर खेळू दे."

हे मात्र मला पटलं. पोरगं लपून खेळण्यापेक्षा समोर खेळलेलं बरं. मी कोचबुवांना निरोप धाडला की सुमेध खेळेल, पण मी त्यांच्या बाकड्यामागे, कठड्याला टेकून बसणार आणि पूर्ण सामना त्यांच्यावर लक्ष ठेवणार. लगेच उत्तर आलं. "बसा."

आणि त्या सामन्यात लक्ष ठेवायला कारणही होतं. तो जिंकला तर आमची टीम वरच्या गटात चढणार होती. क्लबचा अध्यक्ष, पेशाने विमा विकणारा, आदल्या आठवड्यात पालकांसमोर हसत हसत म्हणाला होता, "हे बघा, चढलो तर कोच राहतील. नाही चढलो तर विमानाचं तिकीट क्लबतर्फे." करार गेला की व्हिसा गेला. तिकडे कोणतं कॉलेज या माणसाला दारात उभं करणार होतं? म्हणजे या माणसाची सगळी उरलीसुरली कारकीर्द त्या एका दुपारवर टांगलेली, आणि ती दुपार धावून जिंकून देणारा एकच मुलगा होता. माझा. आता सांगा, कोणती आई निवांत बसेल?

रविवारी लख्ख ऊन होतं. मी कठड्याशी बसले, कोचबुवांपासून दोन हातांवर. सामना चुरशीचा चालला होता म्हणे. मला विचाराल तर मी बॉल बघितलाच नाही. मी कोचबुवांची लाल मान बघत होते. ते कोणाच्या कानाला लागतात, सुमेधला काय सांगतात, सगळं टिपत होते. त्यामुळे सुमेधला तो मार बसला तेव्हा मी बघत नव्हते. एरवी बायकोवर, पोरावर, कशावरही लक्ष नसलेला प्रशांत ओरडला म्हणून मी वळले. सुमेध तोवर उठूनही बसला होता.

रुग्णवाहिकेचा माणूस धावला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि अंगठा वर केला. दुसऱ्या एका पोराचा खांदा निखळला होता, तिकडे तो पळाला. सुमेध आपल्या पायांनी चालत बाकड्याशी आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मला हायसं वाटलं.

कोचबुवांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कसा आहेस?"

"बरं आहे," सुमेध म्हणाला. "काही नाही झालं."

मराठीत.

मी खरं सांगते, माझ्या काळजात आधी आनंदच झाला. माझा मुलगा मराठी बोलला! स्वच्छ, गोड, तो चार वर्षांचा असताना बोलायचा तसं. बाबांना कधी सांगते असं झालं. मी तिथे बसून चक्क हसत होते.

कोचबुवा माझ्याकडे वळले. "काय म्हणाला?"

"बरं आहे म्हणाला," मी म्हटलं.

"ते जर्मन नव्हतं. मला जर्मन येत नाही, पण ऐकू येतं." त्यांचे डोळे बारीक झाले होते. "कोणती भाषा होती ती?"

"मराठी. आमची."

"बोलतो तो तुमच्याशी?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही." आणि ते म्हणताना माझ्या लक्षात आलं, हे मराठी त्या मारातून आलंय.

कोचबुवांनी सुमेधच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. त्यांच्या खेळात ही रीत आहे. ज्याला बसवायचं त्याचं हेल्मेट आधी ताब्यात घ्यायचं, कारण पोरं नजर चुकवून परत घुसतात आणि हेल्मेटशिवाय कोणाला खेळता येत नाही. एरवी ते बाकड्याखाली ठेवतात. कोचबुवांनी कठड्यावरून ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे कोणालाही द्यायचं नाही," ते म्हणाले. "मलाही नाही."

"तुम्हाला का नाही?"

"शेवटची थोडी मिनिटं राहतील. आम्ही थोडेसे मागे असू. तो येऊन म्हणेल, मी ठीक आहे. माझा माझ्यावर भरवसा नाही."

मग सुरू झालं. अध्यक्ष आला. "फ्राऊ मेश्राम, असं काय करता, रुग्णवाहिकेवाल्याने तपासलंय की." मी म्हटलं, "नाइन." म्हणजे नाही. दोन पालक आले, तीन मदतनीसांपैकी दोघे आले, सगळ्यांना नाइन. सुमेधला माझ्या शेजारी आणून बसवलं होतं, पहिली रुग्णवाहिका खांदा निखळलेल्या पोराला घेऊन गेली होती, आता दुसरी मागवली होती आणि तिची वाट बघत होतो. तो माझ्या खांद्याला टेकला आणि म्हणाला, "आई, दे ना. एकदाच. दे ना गं."

इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी तरसले, ते वाक्य माझ्या कानाशी आलं आणि मी त्याला नाही म्हणत होते. प्रशांत दुसऱ्या बाजूने त्याचा हात धरून बसला होता, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आणि ते झालंच. सामना संपत आला, आमची टीम अगदी थोडक्यात मागे, बॉल त्यांच्या गोलरेषेजवळ. एक माणूस घुसला असता तर जिंकलो असतो. कोचबुवा वळले. आधी सुमेधकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या हेल्मेटकडे. एक पाऊल आले. मी शपथेवर सांगते, ते आले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. भिकाऱ्याच्या चेहऱ्यावरही तेवढं नसतं. मी हेल्मेट पोटाशी घट्ट धरलं आणि मान हलवली. नाही.

ते परत फिरले.

तेवढ्यात सुमेध माझ्या बुटांवर ओकला आणि गाडी आली. सामना हरल्याचं आम्हाला हॉस्पिटलमध्ये प्रशांतच्या फोनवर कळलं.

असले फोटो मी रोज बघते, त्यामुळे डॉक्टर बोलायच्या आधीच मला ते दिसलं. मेंदूच्या कडेला रक्ताची बारीक रेघ. फोटोच्या कोपऱ्यात माझ्या मुलाचं नाव. डॉक्टर म्हणाले, रेघ वाढत नाहीये, ऑपरेशन लागेल असं वाटत नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "यानंतर अजून एक मार बसला असता तर आपण वेगळं बोलत असतो." मी फक्त मान डोलावली.

सकाळी सुमेध जागा झाला, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून जर्मनमध्ये म्हणाला, "मामा, रडणं बंद कर. किती लाज आणतेस." मी एवढी मोठ्याने हसले की नर्स धावत आली.

कोचबुवांना क्लबने काढलं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच दिवस भांडण चाललं. कोणी म्हणालं भित्रा माणूस, त्या बाईच्या नादाला लागून सामना घालवला. कोणी गप्प राहिलं. सुमेधला घराबाहेर पडायची परवानगी मिळाली तोवर गोदामावरची खोली रिकामी झाली होती. कोणी म्हणे पोलंडला गेले, कोणी म्हणे परत मक्याच्या शेतांत. मी चौकशी केली नाही. म्हणजे, केली, पण पत्ता लागला नाही. आजही त्या माणसाबद्दल मला सगळंच पटलेलं नाही. ते एक पाऊल मी पाहिलंय. पण हेल्मेट आधीच माझ्याकडे कोणी दिलं होतं, तेही मी पाहिलंय.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सुमेध जागा झाला त्याच सकाळी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. मी पाणी आणायला बाहेर आले तर ते वॉर्डच्या काचेच्या दारापाशी नर्ससमोर उभे होते. अंगावर आदल्या दिवशीचंच जाकीट, दाढी वाढलेली. नर्स ठामपणे सांगत होती, आत फक्त घरचे लोक, आणि पेशंटची कसलीही माहिती परक्याला देता येत नाही, कायदाच आहे तसा. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते इंग्रजीत एकच विचारत होते, जिवंत आहे ना?

मी पुढे झाले. नर्सला म्हटलं, "हे आमच्या घरचेच आहेत."

नर्सने माझ्या खांद्यावरच्या ओढणीकडे पाहिलं, मग त्या लाल मानेकडे. आणि दाराचं बटण दाबलं.

दार उघडलं, पण कोचबुवा हलेनात. "त्या वेळी मी तिकडेही गेलो होतो," ते म्हणाले. "त्या मुलाच्या आईने मला दारातूनच परत पाठवलं. बरोबर केलं तिने."

"तिचं तिला ठाऊक," मी म्हटलं. "मी आत पाठवतेय. जा. आधी हात धुवा."

त्यांनी हात धुतले, खूप वेळ धुतले. मग आत गेले. मी काचेतून बघत राहिले. सुमेधला पुन्हा झोप लागली होती. त्यांनी त्याला उठवलं नाही, हातही लावला नाही. टोपी काढून पलंगाशी उभे राहिले आणि त्याची छाती वरखाली होते ती बघत राहिले. मग हळूच खुर्चीवर बसले आणि चेहरा टोपीत खुपसला. त्यांचे खांदे हलत होते.

नर्स माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात स्पष्ट संशय होता. "हे नक्की कोण लागतात तुमचे?"

"भाऊ," मी म्हटलं. "मोठे."